वस्तरा हातावरचे केस उडवतो, पण गालावर अडतो: घरी धार लावणाऱ्यांची नेहमीची अडचण

वस्तऱ्यासाठी दगड आणले, धार घोटायचा चामड्याचा पट्टा आणला, व्हिडिओ बघून तासभर घासलं. हातावरचे केस सपासप उडाले. खुशीत साबण लावून वस्तरा गालावर ठेवला आणि पहिल्याच फटक्याला तो अडला. केस कापले जाण्याऐवजी ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. मग परत दगड, परत पट्टा, परत गाल आणि परत तेच. घरच्या घरी वस्तऱ्याला धार लावायला शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण या फेऱ्यात सापडतो, आणि बरेच जण शेवटी बारा हजार नंबरचा महागडा दगड मागवतात (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक).

मागवू नका. दोष बहुतेक वेळा शेवटच्या दगडात नसतो, पहिल्या, म्हणजे हजार नंबरच्या दगडावरच्या कामात असतो. आणि पहिल्या दगडावरचं काम चोख झालेलं असूनही धार टिकत नसेल, तर मुंबईत राहणाऱ्याने आधी हवेकडे बघावं.

हे सगळं अखंड पोलादी पात्याच्या, दुमडणाऱ्या वस्तऱ्याबद्दल आहे. सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा असतो. गिऱ्हाईक झालं की ब्लेड फेकून द्यायचं, त्यामुळे धार लावण्याचा प्रश्नच येत नाही. सलूनसाठी ते योग्यच आहे, कारण रक्तातून पसरणारे आजार त्याने टळतात. पण त्यामुळे दगडावर वस्तरा लावणारी माणसं आता शोधावी लागतात, आणि शिकणाऱ्याला चूक कुठे होतेय ते दाखवणारं जवळपास कुणी नसतं.

आधी हे ठरवा: कधी अडतो आणि कुठे अडतो

दगडाला हात लावण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरं काढा. दगडावरून काढल्यावर पहिल्याच दाढीला अडतो, की पहिल्या दोन दाढ्या छान होतात आणि मग बिघडतो? आणि अडतो तो सगळ्या लांबीला, की फक्त टाचेकडे (मुठीजवळ), टोकाकडे किंवा मध्येच कुठेतरी? पहिल्याच दाढीला अडणारा वस्तरा आणि तिसऱ्या दाढीला बिघडणारा वस्तरा यांची दुखणी अगदी वेगळी आहेत. दोघांवर एकच औषध करत बसल्याने पातं झिजतं, बाकी काही होत नाही.

पहिल्याच दाढीला अडतो

वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि धार लावताना पाठ व धार दोन्ही दगडावर टेकवूनच घासायचं असतं. विळीचा किंवा सुरीचा कोन आपण हाताने धरतो, इथे तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून ठरवतात. पाठ 5 मिलिमीटर जाड आणि पातं 18 मिलिमीटर रुंद असेल, तर दोन्ही बाजू धरून कोन साधारण 16 अंशांचा येतो. धारेलगत दोन्ही अंगांना जी बारीक चकचकीत पट्टी दिसते, ती बेव्हल. पोकळ घासलेल्या, म्हणजे दोन्ही अंगांना आत खोलगट असलेल्या पात्यावर ती जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर रुंद असते. डावी आणि उजवी बेव्हल जिथे एकमेकींना खरोखर भेटतात, तिथेच धार आहे. दोघींच्या मध्ये एक-दोन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चपट जागा राहिली, तर धार दिसते पण नसते. दाढीचा केस सुमारे 100 मायक्रॉन जाड असतो. त्या मानाने एक-दोन मायक्रॉन काहीच नाही असं वाटेल, पण दाढी करणारी धार अर्ध्या मायक्रॉनहून बारीक लागते.

मग हातावरचे केस का उडतात? हजार नंबरच्या जपानी दगडातले कण साधारण 11 ते 15 मायक्रॉनचे असतात. त्यावरून उतरलेल्या धारेला करवतीसारखे बारीक दाते असतात. हातावरचा केस मऊ आणि बारीक, तो या दात्यांत सापडून तुटतो. दाढीचा जाड केस त्याच दात्यांत अडकतो, तुटत नाही, मुळासकट ओढला जातो. म्हणजे हातावरची चाचणी हजार नंबरच्या दगडानंतर घ्यायची आहे, तीसुद्धा केस त्वचेलगत कापले जातात का एवढं बघायला. दाढीसाठी वस्तरा तयार आहे की नाही, ते त्यावरून कळत नाही.

बेव्हल पुरी बसली आहे का, हे बघायला तीन गोष्टी पुरतात आणि तिन्ही घरात असतात.

पहिली परमनंट मार्कर. दोन्ही बेव्हल शाईने रंगवा. दगडावर पाणी टाका आणि अजिबात न दाबता दोन-तीन वेळा वस्तरा फिरवा. मग भिंगातून बघा. घड्याळजी डोळ्याला लावतो तसं 10 पटीचं भिंग पुरेसं आहे, झवेरी बाजारात जवाहिऱ्यांची मिळतात तीही चालतात. शाई धारेच्या अगदी कडेला शिल्लक असेल, तर दगड धारेपर्यंत पोहोचतच नाही. तुम्ही फक्त बेव्हलचा मागचा भाग घासताय, आणि तो जन्मभर घासलात तरी दाढी होणार नाही.

दुसरी, उजेड. लालबागला आमच्या ओळखीचे एक नाभिक काका होते. वस्तरा दगडावरून उचलला की पुसायचे, उठून दुकानाच्या दाराशी जायचे, धार वर करून डोळ्यासमोर धरायचे आणि हळूहळू पुढे-मागे कलवायचे. दुकानात ट्यूबलाइट असायची, पण तिच्याखाली त्यांनी धार कधी बघितली नाही. कारण सरळ आहे. ट्यूबचा उजेड चहूकडून पसरतो आणि दोष झाकतो, एका बाजूने येणारा उजेड दोष उघडे पाडतो. घरी दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च वापरा. बेव्हल नीट भेटल्या असतील तर धारेवरून काहीच चमकत नाही, काळी रेघच दिसते. कुठे चमकता ठिपका दिसला तर तिथे खाच आहे. चमकती रेघ दिसली तर तिथे चपट जागा आहे.

तिसरा, टोमॅटो. पिकलेला घ्या, वस्तरा त्यावर नुसता ठेवा आणि आपल्या वजनाने सरकू द्या. हजार नंबरनंतर साल दाबाशिवाय फाटली पाहिजे, आणि टाचेपासून टोकापर्यंत प्रत्येक भागाने फाटली पाहिजे. जिथे धार सालीवरून घसरते, ती जागा शाईच्या जागेशी ताडून बघा. दोन्ही सहसा एकच निघतात.

माझा भाचा परळला असतो. त्याने मटन स्ट्रीटवरून, चोर बाजारातून शेफिल्डचा जुना वस्तरा आणला होता, पोलाद उत्तम होतं. एका रविवारी तो सगळं सामान घेऊनच आला.

“मामा, आठ हजारावर किती वेळ घासलाय, विचारू नकोस. हाताचे केस उडतात, गालावर मात्र लावता येत नाही. बारा हजारचा मागवू का?”

“आधी मार्कर आण,” मी म्हटलं.

शाई लावून त्याने आठ हजारावर दोन फेऱ्या दिल्या. शाई मागून स्वच्छ पुसली गेली आणि धारेच्या कडेला टाचेपासून टोकापर्यंत निळी रेघ तशीच राहिली. “हजार नंबरवर टेप लावली होतीस?” असं विचारल्यावर हो म्हणाला. पुढच्या दगडांवर? काढून टाकली होती.

ही चूक इतक्या जणांकडून होते की ती सविस्तर सांगतो. पाठीवरची नक्षी किंवा सोनेरी काम झिजू नये म्हणून पाठीवर इन्सुलेशन टेपचा एक थर लावतात. थर साधारण 0.15 मिलिमीटरचा असतो, तो पाठ दोन्ही बाजूंनी उचलतो आणि वरच्या मापाच्या वस्तऱ्याचा कोन जवळजवळ एका अंशाने वाढवतो. टेप लावून बेव्हल बसवली आणि पुढे टेप काढली, तर पाठ खाली जाते आणि धार दगडापासून सुटते. मग आठ हजार काय आणि बारा हजार काय, दोन्ही बेव्हलच्या मागच्या भागालाच चमकवत बसतात. हजारावर टेप लावली असेल तर शेवटपर्यंत टेप हवी, त्याच जाडीची, आणि प्रत्येक दगडाला नवी. हजार नंबरवर झिजून पातळ झालेली टेप पुढे चालवली तरी हाच घोळ छोट्या प्रमाणात होतो. उलटा क्रम मात्र चालतो. टेपशिवाय बेव्हल बसवून शेवटच्या दगडावर टेप लावली, तर फक्त धारेच्या टोकाला काम होतं आणि ते लवकर होतं.

भाच्याने टेप परत लावली. त्याच संध्याकाळी, नवा दगड न आणता, वस्तरा गालावरून साबणासकट सरकला.

दाब

दुसरं मोठं कारण दाब. धार येत नाही म्हटल्यावर माणूस आपोआप जोर लावतो, आणि वस्तऱ्यात जोर नेमका उलटा पडतो. पोकळ घासलेलं पातं धारेजवळ इतकं पातळ असतं की बोटाने दाबलं की वाकतं. वाकलं की बेव्हलचा मागचा भाग दगडावर दाबला जातो आणि धार वर उचलली जाते. जितकं दाबाल तितकी धार दगडापासून दूर.

हजार नंबरवर सुरुवातीला थोडा दाब चालतो, तोही पाठीवर. धारेवर बोट ठेवायचं नाही. एका बाजूने वीसेक फेऱ्या, मग दुसऱ्या बाजूने तेवढ्याच, मग दाब कमी करत दोन्ही बाजू आलटून पालटून. बेव्हलची रुंदी दोन्हीकडे सारखी राहतेय ना, ते मधूनमधून बघा. शाई, उजेड आणि टोमॅटो तिन्ही पास होईपर्यंत पुढच्या दगडाकडे वळायचं नाही. इथे घाई केली तर पुढचे सगळे दगड फुकट. चार हजार आणि त्यापुढे दाब नाहीच. वस्तऱ्याचं वजनच पुरे, हात फक्त दिशा देतो.

फेऱ्या मोजत बसू नका. हजारच्या ओरखड्यांचं काय झालं ते बघा. चार हजारावर वस्तरा थोडा तिरपा करून दिशा बदला, म्हणजे जुने ओरखडे नव्यांना छेदताना भिंगात वेगळे दिसतात. ते पूर्ण गेले की आठ हजार. आठ हजारमधले कण साधारण 1.2 मायक्रॉनचे असतात, ते 15 मायक्रॉनचे खड्डे भरून काढू शकत नाहीत. चार हजार टाळून थेट आठ हजारवर जाणाऱ्यांची धार वरून चमकते आणि खाली दातेरीच असते.

दगड आणि पाणी

दगड सपाट नसेल तर वरचं सगळं व्यर्थ आहे. दगड मधून खोलगट होतो, विशेषतः किंग या जपानी कंपनीचे वगैरे मऊ दगड. पेन्सिलीने दगडावर उभ्या-आडव्या रेघा मारा आणि 220 किंवा 400 नंबरच्या वॉटर पेपरवर घासा. कागद जाड काचेवर पसरवायचा. काचवाल्याकडे 12 मिलिमीटरचा तुकडा कडा घासून मिळतो, आणि वॉटर पेपर नागदेवी स्ट्रीटला हव्या त्या नंबरचा मिळतो. सगळ्या रेघा सारख्याच पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. मग तो वाहत्या पाण्याखाली घासून धुवा, कारण वॉटर पेपरचा सुटलेला एक कण आठ हजारच्या दगडात रुतला तर प्रत्येक फेरीला धारेत खाच पाडतो. दगड बदलताना वस्तरा, हात, पाण्याचं भांडं हे सगळंही धुवायचं, ते याच कारणासाठी.

मुंबईत पाण्याकडेही बघायला हवं. जुन्या इमारतींच्या लोखंडी पाइपांतून, विशेषतः पाणी बंद होऊन परत सुरू झाल्यावर, गंजाचे कण येतात. टँकरच्या पाण्यात बारीक रेती असते. शेवटच्या दोन दगडांना फिल्टरचं पिण्याचं पाणी वाटीत घेऊन वापरा.

दगडांवर एकदम खर्च करायचा नसेल, तर काचेवर चिकटवलेली 3 आणि 1 मायक्रॉनची लॅपिंग फिल्म (घासायचे बारीक कण बसवलेला प्लास्टिकचा पातळ कागद) शेवटच्या टप्प्यांना चांगली चालते, आणि ती सपाट करत बसावी लागत नाही. बेव्हल बसवायला मात्र हजार नंबरचा खरा दगड घ्या. तिथे काटकसर केली तर पुढे वेळ जातो.

फक्त टाचेला किंवा टोकाला अडतो

टाचेकडे, मुठीजवळ, पात्याला जाड खांदा असतो. तो दगडावर चढला की टाच आणि तिच्या पुढचा सेंटिमीटरभर भाग हवेत राहतो. खांदा दगडाच्या बाहेर ठेवा आणि वस्तरा तिरपा ओढा. फेरी सुरू होताना टाच दगडावर, संपताना टोक दगडावर.

टोकाला अडत असेल तर बहुधा फेरीच्या शेवटी मनगट खाली पडतं किंवा टोक दगडावरून आधीच निसटतं. शाई लगेच सांगेल. जुन्या वस्तऱ्यांची धार कधी मुळातच किंचित बाहेरगोल असते. तिला सपाट फेरीत टाच आणि टोक लागत नाही, तर ओढता ओढता दाब टाचेकडून टोकाकडे सरकवत न्यावा लागतो. धार आतल्या बाजूला वळली असेल, मध्ये खोल आणि दोन्ही टोकं पुढे, तर ती आधी हजारावर सरळ करून घ्या. तशा धारेने दाढी करणं धोक्याचं आहे, दोन्ही टोकं त्वचेत रुततात.

पातं पिळलेलं असेल तर एका बाजूने मधला भाग लागतो आणि दुसऱ्या बाजूने दोन्ही टोकं. काचेवर ठेवून हलकेच डोलवा, डुगडुगलं की कळतं. दगडाच्या रुंदीऐवजी कडेचा अरुंद भाग वापरून अशा पात्यालाही धार लावता येते, पण पहिला वस्तरा म्हणून असा घेऊ नका.

धार आहे, तरी जळजळते

कापतो छान, पण नंतर गाल तापतो, लाल होतो. शेवटच्या दगडावर गरजेपेक्षा जास्त घासलं की धारेच्या टोकाला पोलादाचा अतिपातळ, कमकुवत पापुद्रा उरतो. वर्कशॉपमधली माणसं त्याला बर म्हणतात. तो आधी भयंकर तीक्ष्ण लागतो, मग वळतो किंवा तुटतो. आठ हजारच्या दगडावर धार उभी धरून, शून्य दाबाने, एकदाच ओढा. पापुद्रा जातो. मग पुन्हा त्याच दगडावर बिनदाब फेऱ्या द्या, टॉर्चखाली चमक जाईपर्यंत. पट्ट्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावली असेल तर ती थोडी वापरा. रोज वापरली तर धार कर्कश होते.

दोन-तीन दाढ्यांनंतर बिघडतो

पहिली दाढी उत्तम झाली म्हणजे दगडावरचं काम बरोबर होतं. हे मनाशी पक्कं करा आणि दगड कपाटात ठेवा. आता शोध पट्टा, दाढी करायची पद्धत आणि ठेवायची जागा यांचा.

पट्टा सैल धरला की पातं त्यात बुडतं आणि धार वळते. पट्टा ताणून धरा, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढा, आणि वळताना वस्तरा पाठीवर फिरवा. धार वर घेऊन फिरवला तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. पट्ट्याच्या कॅनव्हासच्या बाजूवर वीसेक फेऱ्या आणि चामड्यावर पन्नासेक पुरतात. वेगाची गरज नाही. धारावीत चामड्याच्या दुकानांत पट्ट्याइतका लांब, एकसारख्या जाडीचा तुकडा कापून मिळतो. त्यावर नख ओढून खाच किंवा गाठ लागते का, ते बघून घ्या.

गालावर पातं 30 अंशांच्या आसपास ठेवा. त्यापेक्षा उभं धरलं की त्वचेलाही त्रास आणि धारेलाही. आणि दाढी आधी कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजवा. 2020 साली एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असूनही ब्लेडच्या धारेचा टवका काढू शकतो. केस पात्याशी तिरपा वाकला, आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, तर तिथे तडा सुरू होतो. त्यांचे प्रयोग फेकून द्यायच्या ब्लेडवरचे होते, पण आपल्याला दोन गोष्टी उघड मिळतात. भिजलेला केस मऊ पडतो, आणि धारेवर आधीच राहिलेली खाच हे पुढच्या टवक्याचं आमंत्रण आहे.

हे सगळं जागेवर असेल आणि तरीही, विशेषतः जून ते सप्टेंबरात, तिसऱ्या दाढीला वस्तरा ओढत असेल, तर तो गंज आहे. डोळ्याला दिसणारा तांबूस गंज नव्हे. साधारण 60 टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की उघडं कार्बन पोलाद झपाट्याने गंजू लागतं, आणि जुलैत मुंबईची हवा 80 टक्क्यांच्या वरच असते, किनाऱ्याजवळ खारीही. धारेचं टोक अर्ध्या मायक्रॉनपेक्षा बारीक. पात्याच्या अंगावर डाग पडायला आठवडा लागेल, पण टोक खायला एक रात्र पुरते. भिंगातून धार मिठाचे कण लागल्यासारखी खरखरीत दिसते. शिकणारा म्हणतो धार टिकत नाही, परत दगडावर नेतो, आणि पावसाळाभर पातं झिजवत राहतो.

उपाय रोजचा आहे आणि दोन मिनिटांचा. दाढी झाली की गरम पाण्याने विसळा, गरम पोलाद लवकर सुकतं. टिश्यूने पाठीकडून धारेकडे पुसा, कधीही उलट नाही. मग कॅनव्हासवर दहा-बारा फेऱ्या, म्हणजे धारेला चिकटलेलं पाणी निघतं. मुठीच्या खिळ्यात पाणी शिरतं, तिथे फुंकर मारा आणि आठवड्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा. पात्यावर केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन बोटाने पातळ लावा. खोबरेल वापरू नका, ते पुढे खवट होतं. मग वस्तरा बाथरूमच्या बाहेर, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी. ओल्या चामड्याच्या म्यानात किंवा दाढीच्या ब्रशशेजारी ठेवलात तर वरचं सगळं केलेलं वाया जातं.

जुन्या वस्तऱ्याची मूठ सेल्युलॉइडची असेल आणि तिला कापरासारखा किंवा आंबूस वास येत असेल, तर तिच्याकडे लक्ष ठेवा. सेल्युलॉइड कुजताना आम्ल वाफा सोडतं आणि मूठ मिटल्यावर त्या पात्यावरच बसतात. दमट उष्ण हवेत हे आणखी वेगाने होतं. मुठीखाली झाकलेला भागच नेमका गंजत असेल, तर मूठ बदलून घ्या. अशा वस्तऱ्याला डब्यात दुसऱ्या वस्तऱ्यांबरोबर ठेवू नका.

कुठे थांबायचं

काही वस्तरे दगडाने सुधारत नाहीत. एका ओळखीच्या गृहस्थांनी आजोबांचा सोलिंगनचा वस्तरा एका दुकानात मशीनवर धार लावायला दिला. परत आला तेव्हा धारेलगत निळसर पट्टा होता. निळा रंग म्हणजे तिथे पोलाद साधारण 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं, आणि तेवढ्याने त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. त्यावर धार येते, पण टिकत नाही. निळा भाग पूर्ण घासून काढला तरच पुढचं पोलाद कामाचं, आणि तेवढी रुंदी शिल्लक असेल तर. चाकांवर सुऱ्या लावून देणाऱ्यांकडे किंवा ग्राइंडरवर वस्तरा कधीच देऊ नका, कितीही विश्वासाचा माणूस असला तरी.

धारेपर्यंत आलेले गंजाचे खड्डेही तसेच. घासत जाल तसा एक खड्डा जातो आणि खालचा उघडा पडतो. चोर बाजारात वस्तरा घेताना शिक्का शेवटी बघा, आधी धारेलगतचे तीन मिलिमीटर टॉर्चखाली बघा. सोलिंगनचं नाव फक्त सोलिंगनमध्ये बनलेल्या मालावरच घालायचं असा जर्मनीत 1938 पासून कायदा आहे, म्हणून त्या शिक्क्याला वजन आहे. पण खड्डे पडलेल्या चांगल्या पोलादापेक्षा धार स्वच्छ असलेलं साधं पोलाद शिकणाऱ्याला जास्त उपयोगी पडतं.

पट्ट्याबद्दल एक राहिलं. पावसाळ्यात चामड्यावर पांढरी बुरशी धरते. ती कोरड्या फडक्याने पुसा आणि पट्टा पंख्याखाली, सावलीत एक दिवस टांगून ठेवा. कडक उन्हात वाळवला तर चामडं आकसतं आणि वाकडं होतं. डाग आत गेला असेल तर 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने वरचा थर हलकेच काढा, मग फडक्याने सगळी धूळ नीट झटका, कारण पेपरचा एक कण पट्ट्यात राहिला तरी धारेला पुन्हा दगडावर जावं लागतं. वापरण्याआधी पट्टा कोरड्या तळहाताने दोन-चार वेळा चोळून घ्या.